प्रकाशवेगानें मनुष्यास जातां येईल काय?

गेल्या कोजागिरीच्या रात्रीची गोष्ट. त्या रात्रीं आमच्या घरची लहानथोर सर्व मंडळी गच्चीवर जमतात. मोठ्या पातेल्यांत दूध आटत असतें, मुलांच्या भेंड्या चालतात, आणि चंद्र माथ्यावर येईपर्यंत कोणी उठावयाचें नाहीं, असा आमच्या वडिलांपासूनचा शिरस्ता आहे. भेंड्या संपल्यावर शालान्त परीक्षेच्या वर्गांत असलेली आमची नात चंद्राकडे बोट करून म्हणाली, “आजोबा, चंद्रावरून उजेड इथें यायला फक्त सव्वा सेकंद लागतो. मग माणसाला उजेडाच्या वेगानें जातां आलें, तर दुधाचा पेला ओठाला लावण्याआधीं तो चंद्रावर पोंचेल! येईल का हो असें जातां कधीं?”

सर्वजण हंसले. माझ्या थोरल्या वहिनी चारोळ्या निवडीत बसल्या होत्या. त्या मान वर न करतां म्हणाल्या, “जाईल खरा तो. पण परत केव्हां येईल, तें विचार आजोबांना.”

वहिनींचा मुलगा आज बावीस वर्षें अमेरिकेंत आहे. त्यांच्या या शब्दांनंतर कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं.

मी नातीला म्हणालों, “नीट पाहून सांगतों.” शिक्षकानें असें वचन दिलें म्हणजे तें पाळलें पाहिजे. माझा विषय संस्कृत, पदार्थविज्ञान नव्हे. परंतु आमचा एक पुतण्या महाविद्यालयांत तो विषय शिकवितो. त्याच्याकडून पुस्तकें आणून मीं तीन महिने वाचलीं, आंकडे स्वतः मांडले आणि त्याच्याकडून तपासून घेतले. त्या अभ्यासाचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहें. मात्र त्याआधीं एक जुनें ऋण फेडावयाचें आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील पन्नासावें सूक्त सूर्यस्तुतीचें आहे. चौदाव्या शतकांत विजयनगरच्या राज्यांत होऊन गेलेले भाष्यकार सायणाचार्य यांनीं त्यावरील भाष्यांत परंपरेनें आलेलें एक वचन दिलें आहे. त्याचा भावार्थ असा कीं, सूर्य अर्ध्या निमिषांत दोन हजार दोनशें दोन योजनें आक्रमितो. हा मजकूर मी वर्षानुवर्षें वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असें, आणि फळ्यावर गुणाकार करून दाखवीत असें कीं, पाहा, हाच प्रकाशाचा वेग! एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, योजन म्हणजे नक्की किती मैल?” मीं त्याला विषयान्तर करूं नकोस म्हणून खालीं बसविलें.

तें विषयान्तर नव्हतें. तोच विषय होता. योजनाचें माप निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळें आहे; कोठें तें पांच मैलांच्या आसपास पडतें, कोठें नऊ मैलांच्या. निमिषाचेंही तसेंच. मला जें उत्तर हवें होतें त्याला जुळेल तें योजन मीं घेतलें, जुळेल तें निमिष घेतलें, आणि उत्तर आलें म्हणून टाळी घेतली. शिवाय मूळ वचन सूर्याच्या गतीविषयीं आहे. तें प्रकाशाचें मोजलेलें माप आहे असें म्हणण्यास आधार नाहीं. यामुळें सायणाचार्य लहान होत नाहींत. लहान होते ती आमची घाई. हें त्या मुलाला तेव्हांच सांगावयास हवें होतें. तें आज येथें सांगतों.

प्रकाशाचा वेग मोजण्याचा प्रयत्न युरोपांत सतराव्या शतकांत सुरू झाला. गॅलिलिओनें सुचविलेली युक्ति साधी होती. रात्रीं दोन माणसांनीं झांकलेले कंदील घेऊन दूर दूर उभें राहावें. एकानें कंदील उघडावा, तो दिसतांच दुसऱ्यानें आपला उघडावा, आणि मधला वेळ मोजावा. परंतु त्यांत माणसाच्या हाताला लागणारा वेळच तेवढा मोजला जाई. प्रकाश केव्हांच जाऊन आलेला असे. पुढें १६७६ सालीं पॅरिसच्या वेधशाळेंत काम करणाऱ्या रोमर या डेन्मार्कच्या ज्योतिषानें गुरु ग्रहाच्या एका उपग्रहाची ग्रहणें टिपतां टिपतां एक चमत्कार पाहिला. तो उपग्रह सुमारें साडेबेचाळीस तासांत गुरूभोंवतीं एक फेरी करितो. पण पृथ्वी गुरूपासून दूर जाऊं लागली म्हणजे त्याचीं ग्रहणें उशिरां दिसूं लागत, आणि ती जवळ येऊं लागली म्हणजे लवकर. रोमरनें ओळखलें कीं, उपग्रह चुकत नाहीं. त्याची वार्ता घेऊन येणाऱ्या प्रकाशालाच वाटेंत वेळ लागतो. मनुष्यजातीला प्रकाशास वेग आहे याचा पहिला खरा पुरावा तो. १८४९ सालीं फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञानें फिरणाऱ्या दांतेरी चाकाच्या फटींतून प्रकाश पाठवून आणि दूरच्या आरशावरून परत घेऊन तो वेग पृथ्वीवरच मोजला. आज तो सेकंदास २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरला आहे. १९८३ पासून तर मीटरची व्याख्याच या वेगावरून केली जाते. म्हणजे ज्याला आपण मापावयास निघालों, तोच आतां आपलें माप होऊन बसला आहे.

सेकंदास जवळजवळ तीन लक्ष किलोमीटर! या वेगानें विषुववृत्तावरून पृथ्वीला एका सेकंदांत साडेसात प्रदक्षिणा होतील. सूर्याचा प्रकाश आपणांस पोंचण्यास सुमारें आठ मिनिटें वीस सेकंद लागतात. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा शेजारी जो प्रॉक्सिमा नांवाचा तारा, त्याचा प्रकाश मात्र वाटेंत सव्वाचार वर्षें असतो. आज रात्रीं दुर्बिणींतून तो पाहिला, तर आपल्याला दिसेल तो सव्वाचार वर्षांपूर्वींचा तारा.

आतां मनुष्याची धांव पाहूं. १९६९ च्या मे महिन्यांत चंद्राला वळसा घालून परत येतांना अपोलो १० या यानांतील तिघां प्रवाशांनीं तासास ३९,८९७ किलोमीटर इतका वेग गांठला होता. त्या वेगानें पुण्याहून मुंबईस पंधरा सेकंदांच्या आंत पोंचतां येईल. तरी प्रकाश त्याच्या सुमारें सत्तावीस हजार पट वेगवान आहे; आणि त्या वेगानें प्रॉक्सिमाकडे निघालेल्या माणसाला तेथें जाण्यास एक लक्ष चौदा हजारांहून अधिक वर्षें लागतील. मनुष्य आंत नसलेलीं याने याहून वेगानें गेलीं आहेत. पार्कर नांवाचें अमेरिकन यान २४ डिसेंबर २०२४ रोजीं सूर्याच्या अगदीं जवळून गेलें, तेव्हां त्याचा वेग तासास सुमारें ६,९२,००० किलोमीटर होता. तोही प्रकाशाच्या पंधराशेंव्या भागाइतकाच. १९७७ सालीं निघालेलें व्हॉयेजर १ हें यान २०१२ सालीं सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळींत शिरलें. त्याची हांक प्रकाशवेगानें येते, तरी तिला पृथ्वीवर पोंचण्यास आज जवळजवळ एक दिवस लागतो. एवढें अंतर तोडण्यास यानाला मात्र अर्धें शतक लागलें आहे.

येथें वाचक विचारतील कीं, इतका वेग मनुष्यदेहाला सोसेल काय? उत्तर असें कीं, वेग देहाला मुळींच बाधत नाहीं. आपण सर्वजण या क्षणीं पृथ्वीसह सूर्याभोंवतीं सेकंदास सुमारें तीस किलोमीटर वेगानें चाललों आहों, आणि पेल्यांतील दूध हिंदकळत नाहीं. बाधतो तो वेगांतील फरक. गाडीनें एकदम ब्रेक लावला म्हणजे आपण पुढें फेंकले जातों, तो फरकाचा धक्का. म्हणून यानानें हळूहळू वेग वाढवावा. पृथ्वीवर आपल्याला स्वतःचें जितकें वजन वाटतें, तितकेंच यानांत वाटेल अशा बेतानें वेग सतत वाढवीत नेला, तर प्रवाशाच्या घड्याळाप्रमाणें एका वर्षांत तो प्रकाशाच्या पाऊणपटीहून थोडा अधिक होतो. तेवढ्या काळांत प्रवासी घरच्याप्रमाणें चालेल, जेवेल, झोंपेल. देहाची हरकत नाहीं.

मग हरकत कोणाची? ती निसर्गनियमाची. १८८७ सालीं मायकेलसन आणि मोर्ले या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं असें मानून प्रयोग केला कीं, पृथ्वी ज्या दिशेनें धांवते त्या दिशेला आणि तिच्या आडव्या दिशेला प्रकाशाचा वेग निरनिराळा भरेल. फरक सांपडला नाहीं. धांवत्या आगगाडींत पुढें फेंकलेल्या चेंडूला गाडीचा वेग मिळतो. प्रकाशाला तो मिळत नाहीं. कोणीही, कसाही धांवत असतां मोजो, पोकळींत प्रकाशाचा वेग तोच येतो. १९०५ सालीं स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं पेटंट कचेरींत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइननें ही गोष्ट निसर्गाचा मूळ नियम म्हणून स्वीकारली आणि तिचे परिणाम निर्भयपणें गणितानें काढले. प्रकाशाचा वेग जर सर्वांना सारखा, तर काळ आणि अंतर हीं सर्वांना सारखीं राहूं शकत नाहींत. त्यांतूनच हेंही निघालें कीं, वस्तूचा वेग प्रकाशाच्या जवळ जाऊं लागला म्हणजे त्यांत आणखी भर घालण्यास लागणारी ऊर्जा बेसुमार वाढत जाते.

हा हिशोब मीं घरच्या वाणसामानाच्या वहींत मांडून नातीला दाखविला. समजा, एखाद्या यानाला प्रकाशाच्या निम्म्या वेगापर्यंत नेण्यास एक रुपया खर्च आला. त्याच यानाला शेंकडा नव्वद वेगापर्यंत नेण्यास सुमारें आठ रुपये सदतीस पैसे लागतात. शेंकडा नव्याण्णवाला एकोणचाळीस रुपये. हजारांत नऊशें नव्याण्णवाला एकशें अडतीस. दहा हजारांत नऊ हजार नऊशें नव्याण्णवाला साडेचारशें. वेगाचा शेवटला लहानसा तुकडा राहतो, आणि त्याची किंमत मात्र चढतच जाते. पूर्ण वेगाच्या रकान्यांत कोणता आंकडा लिहावयाचा? तेथें आंकडाच नाहीं. जगांतील सर्व संपत्ति ओतली तरी ती खरेदी पुरी होत नाहीं.

हें नुसतें कागदावरचें गणित नव्हे. जिनीव्हा शहराजवळ जमिनीखालीं सत्तावीस किलोमीटर परिघाचें एक वर्तुळाकार यंत्र आहे. त्यांत अणूच्या गाभ्यांतील प्रोटॉन नांवाचे कण फिरवितात. २०१० सालीं त्या कणांचा वेग प्रकाशापेक्षां सेकंदास सुमारें अकरा मीटरांनीं कमी होता. पुढें यंत्र सुधारून २०१५ सालीं प्रत्येक कणाला जवळजवळ दुप्पट ऊर्जा दिली. तेव्हां उणीव सुमारें तीन मीटरांवर आली. ऊर्जा जवळजवळ दुप्पट, आणि वेगांत भर पडली ती सेकंदास आठ मीटरांची! डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाची ही कथा. मग ज्याला वस्तुमान आहे त्या मनुष्याला प्रकाशवेग गांठतां येणार नाहीं, हें उघड आहे. नातीच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर म्हणून “नाहीं” असें आहे.

परंतु “अगदीं तितक्या नाहीं, तर जवळजवळ तितक्या वेगानें?” असें कोणी विचारील, तर निसर्गनियम आडवा येत नाहीं, उलट एक विलक्षण देणगी देतो. वेगानें जाणाऱ्याचा काळ, मागें राहिलेल्याच्या मानानें, मंद चालतो. अंतराळांतून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरांत आदळले म्हणजे म्यूऑन नांवाचे अल्पायुषी कण जन्मतात. त्यांचें सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लक्षांश भागांपैकीं अवघे दोन-सव्वादोन भाग. एवढ्या अवधींत प्रकाशवेगानें देखील सहाशें-सातशें मीटरच जातां येतें. पण ते दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मून जमिनीपर्यंत विपुल संख्येनें पोंचतात, कारण आपल्या दृष्टीनें त्यांचें घड्याळ मंद चाललेलें असतें. १९७१ सालीं हाफेले आणि कीटिंग यांनीं अणुघड्याळें साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोंवतीं फिरवून आणलीं. घरीं ठेविलेल्या घड्याळांशीं तीं ताडून पाहिलीं, तों गणितांत सांगितल्याप्रमाणें फरक आढळला. आपल्या मुलांच्या हातांतील दूरध्वनि जो रस्ता दाखवितो, तोही या हिशोबावर चालतो. ज्या उपग्रहांवरून तो मार्ग काढतो, त्यांचीं घड्याळें वेगामुळें रोज एका सेकंदाच्या दहा लक्षांश सात भागांनीं मागें पडतात, आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळें पंचेचाळीस भागांनीं पुढें जातात. हा फरक आधींच धरून ठेवावा लागतो.

मनुष्यालाही या देणगीचा चिमूटभर प्रसाद मिळाला आहे. रशियाचे अंतराळवीर सर्गेई क्रिकाल्योव्ह यांनीं अनेक सफरी मिळून ८०३ दिवस पृथ्वीभोंवतीं फिरत काढले. ते घरीं राहते, तर जितके म्हातारे झाले असते त्याहून सुमारें दोन शतांश सेकंदांनीं तरुण राहिले आहेत.

आतां वेग वाढवून पाहा. शेंकडा नव्याण्णव वेगानें कोणी प्रॉक्सिमापर्यंत जाऊन लगेच परतला, तर घरच्या पंचांगाप्रमाणें साडेआठ वर्षें उलटतील. त्याच्या स्वतःच्या घड्याळांत मात्र साडेचौदा महिने. शंभर प्रकाशवर्षें दूरच्या ताऱ्याकडे दहा हजारांत नऊ हजार नऊशें नव्याण्णव इतक्या वेगानें गेला, तर त्याची जाऊन येण्याची यात्रा तीन वर्षांच्या आंत संपेल. पण तो दारांत उभा राहील तेव्हां घरीं दोनशें वर्षें लोटलेलीं असतील. १९११ सालीं फ्रान्सच्या लांजव्हां या शास्त्रज्ञानें असाच प्रवासी कल्पून सांगितलें होतें कीं, तो दोन वर्षांनीं परतेल, आणि पृथ्वी दोनशें वर्षांनीं वृद्ध झालेली असेल.

हें वाचतांना आमच्या वाचकांना ककुद्मी राजाची कथा आठवल्यावांचून राहणार नाहीं. भागवताच्या नवव्या स्कंधांत आणि विष्णुपुराणांतही ती आहे. आपल्या रेवती नांवाच्या कन्येला योग्य वर विचारण्यासाठीं तो तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें, म्हणून तो क्षणभर थांबला. गायन संपल्यावर त्यानें मनांतल्या वरांचीं नांवें सांगितलीं, तेव्हां ब्रह्मदेव हंसून म्हणाले कीं, ते तर गेलेच, त्यांचे पुत्रपौत्रही उरले नाहींत; पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें होऊन गेलीं. यांत सापेक्षतेचा सिद्धान्त शोधण्याचा मोह मला तीस वर्षांपूर्वीं खचित झाला असता. आज होत नाहीं. त्या कथेंत वेग नाहीं, माप नाहीं, प्रयोग नाहीं. पण दूर गेलेल्या माणसाला परत येण्यासाठीं नुसती वाट पुरत नाहीं, वाट पाहणारें घरही उरावें लागतें, हें दुःख त्या कथाकाराला पूर्णपणें ठाऊक होतें. कथेचा मान कथेला द्यावा, गणिताचा गणिताला.

वहिनींचा प्रश्न तो हाच होता. आणि त्याचें उत्तर शास्त्र लपवीत नाहीं: प्रवासी जितका वेगानें जाईल, तितके त्याचे सोबती मागें लवकर म्हातारे होतील.

पण हा प्रसंग इतक्यांत येईल, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं; व्यवहाराच्या अडचणी डोंगराएवढ्या आहेत. एक हजार टन वजनाचें यान शेंकडा नव्वद वेगास नेण्यास लागणारी ऊर्जा मीं काढून पाहिली. सारें जग आज एका वर्षांत जितकी ऊर्जा खर्च करितें, तशी सुमारें दोनशें वर्षांची ऊर्जा त्या एका यानाला लागेल; आणि ती देखील एक कणही वायां न जातां. थांबण्यास पुन्हां तितकीच. शिवाय इंधन सोबत न्यावयाचें, तर त्या इंधनाला ओढण्यासाठीं आणखी इंधन, असें हें न संपणारें ओझें. ब्रिटनमधील एका अंतराळसंस्थेच्या सभासदांनीं १९७३ ते १९७८ या काळांत ‘डिडेलस’ नांवाच्या यानाचा आराखडा केला. त्यांत मनुष्य नव्हता, तें थांबणारही नव्हतें, अणुसंमीलनाचें पन्नास हजार टन इंधन धरलें होतें. आणि अपेक्षित वेग होता प्रकाशाच्या शेंकडा बारा. २०१६ सालीं प्रकाशझोताच्या रेट्यानें पळणारीं सूक्ष्म यानें शेंकडा वीस वेगानें धाडण्याची कल्पना जाहीर झाली. पण त्या प्रत्येक यानाचें वजन कांहीं ग्रॅमच. मनुष्याचें सोडा, त्याची विड्याच्या पानांची चंची देखील त्यांत मावणार नाहीं.

दुसरी अडचण धुळीची. अंतराळ अगदींच रिकामें नाहीं. शेंकडा नव्वद वेगानें जाणाऱ्या यानावर एक मिलिग्रॅमचा धुळीचा कण आदळला, तर अठ्ठावीस टन सुरुंगाच्या दारूचा स्फोट व्हावा तितका आघात होईल. विरळ हायड्रोजनचे अणूही त्या वेगापुढें घातक किरणांसारखे यानांत घुसतील. वेग देहाला बाधत नाहीं हें खरें. पण वाटेंतला कण बाधतो.

प्रकाशाला मागें टाकल्याचीही एकदां वार्ता आली होती. २०११ सालीं जिनीव्हाहून इटलींतील ग्रान सासो येथील प्रयोगशाळेकडे जमिनींतून पाठविलेले न्यूट्रिनो नांवाचे कण, सुमारें ७३० किलोमीटरांच्या वाटेंत, प्रकाशापेक्षां सेकंदाच्या अब्जांश साठ भागांनीं आधीं पोंचल्याचें ‘ऑपेरा’ या प्रयोगांतील शास्त्रज्ञांना आढळलें. वर्तमानपत्रांनीं आइन्स्टाइन हरल्याचे मथळे दिले. शास्त्रज्ञांनीं मात्र विजयाची नौबत वाजविली नाहीं. आम्हांला आमची चूक सांपडत नाहीं, तुम्हीं शोधा, असें त्यांनीं जगाला सांगितलें, आणि स्वतःही शोधीत राहिले. २०१२ सालीं उलगडा झाला: घड्याळाकडे जाणाऱ्या एका प्रकाशवाहक तारेची जोडणी सैल राहिली होती. तेंही त्यांनींच जाहीर केलें.

हें वाचून मीं पुस्तक मिटलें आणि बराच वेळ बसून राहिलों. माझीही तार सैल होती. आणि ती दाखविणाऱ्या मुलाला मीं खालीं बसविलें होतें.

आतां कोणी म्हणेल कीं, एके काळीं विमानही अशक्य वाटत होतें. हा दाखला येथें लागत नाहीं. पक्षी उडतांना मनुष्य नेहमींच पाहत आला होता. जड वस्तु उडूं शकते हें ठाऊक होतें, उणीव होती ती यंत्राची. वस्तुमान असलेला एकही कण प्रकाशवेगानें गेलेला आजवर कोणीं पाहिलेला नाहीं. १९९४ सालीं अल्कुबिएरे या मेक्सिकोच्या शास्त्रज्ञानें, यान न पळवितां त्याच्या भोंवतालचें अवकाशच आकुंचित आणि प्रसृत करावें, अशी एक युक्ति गणितानें मांडली. पण तिला ऋण ऊर्जेचा असा सांठा लागतो कीं, तो कोठून आणावा हें कोणासही सांगतां आलेलें नाहीं. तेव्हां तो विचार आज गणिताच्या पानांवरच आहे.

मग आपण हात जोडून बसावें काय? तसें नव्हे. आपण प्रकाशाकडे जाऊं शकत नाहीं, पण प्रकाश आपल्याकडे येतोच आहे. नारायणगांवजवळ खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. कोट्यवधि वर्षांपूर्वीं दूरच्या आकाशगंगांतून निघालेल्या रेडिओलहरी त्या तेथें पकडतात. त्या लहरी प्रकाशाचींच भावंडें; त्याच वेगानें आलेल्या. न हलतां इतका दूरचा प्रवास घडविणारी अशी यात्रा आमच्या पुणें जिल्ह्यांतच आहे. नातीला घेऊन मी तेथें जाऊन आलों. तिनें तबकडीकडे पाहत विचारलें, “आजोबा, ही लहर निघाली तेव्हां इथें कोण होतें?” मीं सांगितलें, “कोणी नव्हतें. पण ती आली तेव्हां तूं आहेस.”

घरीं आल्यावर मी वहिनींकडे गेलों. त्यांना वहींतला हिशोब दाखविला आणि म्हणालों, “वहिनी, माणूस प्रकाशाच्या वेगानें जाणार नाहीं. पण तुमच्या मुलाचा आवाज रविवारीं येतो ना, तो समुद्राखालच्या कांचतंतूंतून सेकंदास दोन लाख किलोमीटर वेगानें येतो. प्रकाशाच्या दोनतृतीयांश! तुमच्या घरीं हा प्रवास दर आठवड्याला चालूच आहे.”

वहिनींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, “शब्द येतो हो भाऊजी, आणि लवकर येतो. पण शब्द पानावर जेवायला बसत नाहीं.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. आइन्स्टाइनच्या गणितांतही तें नाहीं.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा पत्ता मीं जुन्या विद्यार्थ्यांकडून मिळविला आणि त्याला चार ओळी लिहिल्या: तुझ्या प्रश्नाचें उत्तर मला तेव्हां ठाऊक नव्हतें, आणि प्रश्न बरोबर होता. आठ दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. त्यानें लिहिलें आहे कीं, तो प्रसंग त्याला आठवत नाहीं. पण त्याची मुलगी आतां त्याला असेच प्रश्न विचारते, आणि तो तिला खालीं बसवीत नाहीं.

हा लेख छापून आल्यावर अंकाची एक प्रत अमेरिकेस धाडावयाची, असें वहिनींनीं मला बजावलें आहे. ती टपालानें जाईल. पोंचण्यास पंधरा दिवस लागतील. आंत त्यांच्या हातची एक चिठ्ठी असेल. तींत काय आहे तें त्यांनीं मला सांगितलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.